मालकाची माहिती फुटली, तर दुकान कसे सांभाळावे

साताऱ्यात माझा छोटा छापखाना आहे. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला, तेव्हा आसपासच्या अनेक दुकानांची बिलबुके आम्ही नव्याने छापून दिली. पंधरा अक्षरांच्या जीएसटी क्रमांकात एक अक्षर चुकले तर छापलेली सगळी पुस्तके रद्दीत जातात, म्हणून प्रत्येक क्रमांक मी दोनदा मोठ्याने वाचून घेत असे. इतके क्रमांक वाचूनही एक साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. पहिले दोन अंक राज्याचे असतात, म्हणजे महाराष्ट्राचे २७ आणि गोव्याचे ३०. त्यापुढची दहा अक्षरे हा सरळसरळ पॅन असतो. कंपनी किंवा भागीदारी संस्था असेल तर तो संस्थेचा पॅन असतो, पण दुकान एकट्या मालकाचे असेल तर तो मालकाचा स्वतःचा पॅन असतो आणि त्याचे चौथे अक्षर इंग्रजी पी असते. म्हणजे एकल मालकीच्या दुकानदाराचा पॅन त्याच्या प्रत्येक बिलावर छापलेला असतो.

एकटा पॅन हाती लागून फारसे काही साधत नाही. त्याच्या जोडीला आधारची प्रत, जन्मतारीख, छायाचित्र आणि मोबाइल क्रमांक मिळाला की मात्र त्या नावाने व्यवसाय उभा करता येतो, आणि मोठ्या गळतीत नेमका हा जोड माल बाहेर पडतो. २०२१ मध्ये एअर इंडियाच्या सुमारे ४५ लाख प्रवाशांची माहिती फुटल्याचे जाहीर झाले आणि २०२४ मध्ये स्टार हेल्थच्या ग्राहकांची माहिती टेलिग्रामवर मिळू लागल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा मी त्या दुसऱ्या कोणाच्या तरी बातम्या म्हणून वाचल्या. माझी कागदपत्रे ज्या संस्थेकडे होती, तिचा ‘आपली काही माहिती बाहेर गेली असण्याची शक्यता आहे’ असा ईमेल आला, तेव्हाही मी फक्त त्या संस्थेच्या खात्याचा पासवर्ड बदलला आणि कामाला लागलो. आठ महिन्यांनी विवरणपत्र भरताना सीएंनी विचारले, “दुसऱ्या राज्यात तुमचा भंगाराचा धंदा आहे का?” त्यानंतर जी धावपळ झाली, तीत मी जे उशिरा केले ते तुम्ही आधी करावे, म्हणून क्रम लावून लिहीत आहे.

कायद्याच्या दृष्टीने एकल मालकीत मालक आणि दुकान वेगळे नसतात. त्यामुळे पुढची प्रत्येक तपासणी ‘माझे’ आणि ‘दुकानाचे’ अशी न विभागता एकत्रच करावी.

आधी हे जवळ ठेवा

- गळतीची सूचना देणारा ईमेल किंवा पत्र, त्यावरील तारखेसह छापून घेतलेले. मूळ ईमेल पुसू नये.
- पॅन, आधार, उद्यम प्रमाणपत्र आणि जीएसटी नोंदणी प्रमाणपत्र यांच्या प्रती.
- दुकान ज्या पत्त्यावर आहे त्याचा पुरावा: वीजबिल, भाडेकरार किंवा मालमत्ता कराची पावती.
- व्यवसायाच्या सर्व खात्यांचे गेल्या बारा महिन्यांचे उतारे.
- एक साधी वही. कोणाला, केव्हा फोन केला, तक्रार क्रमांक काय मिळाला, हे तीत लिहावे. पुढे हीच वही सर्वांत जास्त उपयोगी पडते.

१. पहिल्या दिवशी बँक आणि सिमकार्ड

पैसे गेले असतील तर इतर कोणतीही गोष्ट करण्याआधी १९३० या क्रमांकावर फोन करावा आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी, कारण पैसे एका खात्यातून दुसऱ्यात सरकत असताना ते वाटेत अडवण्याची संधी पहिल्या काही तासांतच असते. त्याच दिवशी बँकेलाही लेखी कळवून पोच घ्यावी. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक ग्राहकाची किंवा बँकेची नसून तिसऱ्याच ठिकाणी झाली असेल आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत ग्राहकाने कळवले असेल, तर ग्राहकावर काहीही बोजा येत नाही. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवले तर बचत खात्यासाठी आणि सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या चालू खात्यासाठी हा बोजा जास्तीत जास्त १०,००० रुपयांचा असतो. त्यानंतर बँकेचे धोरण काय म्हणेल ते ऐकावे लागते. आपण होऊन ओटीपी सांगितला असेल तर मात्र बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान आपलेच.

पैसे गेले नसतील तरी दोन कामे करावीत. नेट बँकिंग, कार्ड आणि यूपीआयची दैनंदिन मर्यादा रोजच्या गरजेपुरती कमी करावी. संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर आपल्या नावावर किती मोबाइल जोडण्या आहेत तेही पाहावे. महाराष्ट्रात एका व्यक्तीच्या नावावर नऊ जोडण्यांपर्यंत परवानगी आहे, त्यामुळे आपण दोनच वापरत असलो तरी उरलेल्या जागांवर कोणी बसलेले असू शकते. अनोळखी क्रमांक दिसला तर तेथेच ‘हा माझा क्रमांक नाही’ असे कळवता येते.

दुकानाच्या पाटीवर, बिलावर आणि भेटकार्डावर जो मोबाइल क्रमांक छापला आहे, तोच बँकेच्या ओटीपीसाठीही असणे ही आपल्याकडची सर्रास सवय आहे. मी स्वतः शेकडो भेटकार्डे अशी छापली आहेत. ओटीपीसाठी वेगळे सिमकार्ड घ्यावे, त्याचा क्रमांक कोठेही छापू नये आणि त्याचे रिचार्ज चुकवू नये, कारण बंद पडलेला क्रमांक काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो. चालू फोनची रेंज एकाएकी गेली आणि शेजाऱ्याचा त्याच कंपनीचा फोन मात्र चालू असेल, तर दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवरून लगेच मोबाइल कंपनीला आणि बँकेला कळवावे. आपल्या क्रमांकाचे दुसरे सिमकार्ड कोणी काढले असण्याची ती खूण असू शकते.

२. पॅनवर दुसरी जीएसटी नोंदणी आहे का, ते पाहा

ही तपासणी पाच मिनिटांची आहे, तिला लॉगिन लागत नाही, आणि तरीही मला भेटलेल्या दहा दुकानदारांपैकी नऊ जणांनी ती कधी केलेली नसते. जीएसटीच्या संकेतस्थळावर करदाता शोधण्याच्या विभागात पॅनवरून शोधण्याची सोय आहे. आपला पॅन टाकला की त्यावर देशभरात जितक्या नोंदण्या असतील त्यांची यादी, राज्य आणि सद्यःस्थितीसह समोर येते. माझ्या यादीत दोन ओळी होत्या. पहिली २७ पासून सुरू होणारी, माझ्या ओळखीची. दुसरीचे पहिले दोन अंक वेगळे होते आणि पुढची दहा अक्षरे माझीच होती. त्यावर टिचकी मारल्यावर ‘कायदेशीर नाव’ या रकान्यात माझे नाव, ‘व्यापारी नाव’ या रकान्यात एका लोखंडी भंगाराच्या पेढीचे नाव आणि खाली मी कधी न पाहिलेल्या शहराचा पत्ता होता.

या पेढ्यांमधून माल फिरत नाही, फक्त बिले फिरतात. खोट्या बिलांवर कोणीतरी कराचे क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, उचलतो आणि कर भरण्याची जबाबदारी ज्याच्या नावावर नोंदणी आहे त्याच्याकडे राहते. सरकारलाही हे ठाऊक आहे. बनावट नोंदण्या शोधण्यासाठी मे ते जुलै २०२३ आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर २०२४ अशा दोन देशव्यापी मोहिमा झाल्या. तरीही आपल्या नावाची नोंदणी त्यांत सापडेल या भरवशावर राहू नये.

याच बैठकीत आयकराच्या संकेतस्थळावर जाऊन वार्षिक माहिती विवरण, म्हणजे सीए ज्याला एआयएस म्हणतात ते, उघडावे. त्यात जीएसटीची उलाढाल, खरेदी, व्याज आणि कापला गेलेला कर अशा नोंदी असतात. आपली नसलेली उलाढाल दिसली तर त्या नोंदीवर अभिप्राय देताना ही माहिती नाकारत असल्याचे नोंदवावे. ‘नंतर बघू’ म्हणून विवरणपत्र तसेच दाखल केले, तर उलाढालीतील तफावतीबद्दल आयकर विभागाचीही विचारणा येऊ शकते.

३. बनावट नोंदणी सापडली तर

येथे घाई आणि चूक दोन्ही महागात पडतात, म्हणून क्रम नीट पाळावा.

अ) शोधात दिसणाऱ्या त्या नोंदणीच्या पूर्ण पानाची तारखेसह प्रत काढून ठेवावी. नोंदणी कोणत्या तारखेची आहे आणि ती केंद्राच्या की राज्याच्या कोणत्या अधिकाऱ्याच्या कक्षेत येते, हे त्याच पानावर असते.

आ) पोलिसांत लेखी तक्रार द्यावी. दुसऱ्याची ओळख वापरून फसवणूक करणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ सी आणि ६६ डी खाली गुन्हा आहे. ‘पत्ता परराज्यातला आहे, तिकडे जा’ असे ऐकायला मिळण्याची तयारी ठेवा. मलाही तसेच सांगितले गेले. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती, तो कोठेही घडला असला तरी, आपल्या ठाण्यात देता येते. हे सौम्यपणे, पण कलमाच्या क्रमांकासह सांगावे. गुन्हा नोंदवला गेला नाही तरी अर्जावर शिक्का आणि तारीख असलेली पोच घेतल्याशिवाय उठू नये.

इ) त्या नोंदणीच्या कक्षेतील अधिकाऱ्याला ईमेलने आणि स्पीड पोस्टाने अर्ज पाठवावा. सोबत पोलिसांची पोच, खऱ्या व्यवसायाच्या पत्त्याचे पुरावे, सहीचा नमुना आणि ‘ही नोंदणी मी केलेली नाही’ असे प्रतिज्ञापत्र जोडावे. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम २९(२)(ई) नुसार फसवणुकीने मिळवलेली नोंदणी अधिकारी रद्द करू शकतो, आणि ती मागील तारखेपासूनही रद्द करता येते. म्हणून अर्जात ‘नोंदणीच्या पहिल्या दिवसापासून रद्द करावी’ हे शब्द अवश्य घालावेत. केवळ आजपासून रद्द झाली तर मधल्या काळातील बिले आपल्या नावावरच राहतात.

ई) त्याच अर्जाची प्रत आपल्या स्वतःच्या कक्षेतील अधिकाऱ्याला द्यावी आणि जीएसटी संकेतस्थळाच्या तक्रार विभागातही नोंद करून क्रमांक घ्यावा.

आता सापळे. पहिला म्हणजे ‘ती नोंदणी तुम्हीच रद्द करण्याचा अर्ज भरून बंद करून टाका, लवकर सुटाल’ हा सल्ला. मला तो दोघांनी दिला आणि दोघेही भल्या मनाचे होते. व्यवसाय बंद केल्याचा अर्ज भरणे म्हणजे तो व्यवसाय आपला होता असे लिहून देणे, असा अर्थ पुढे काढला जाऊ शकतो. दुसरा सापळा शांततेचा आहे. त्या नोंदणीचा ईमेल आणि मोबाइल चोराचा असल्यामुळे नोटिसा त्याच्याकडे जातात. आपल्याला पहिली बातमी बहुधा बँकेकडून मिळते, कारण करवसुलीसाठी अधिकारी बँकेला डीआरसी-१३ नमुन्यात नोटीस पाठवू शकतो आणि तेव्हा खऱ्या दुकानाचे खातेही अडकू शकते. नोटीस आलेली नाही म्हणजे प्रकरण नाही, असे समजू नये. तिसरा, पाठपुरावा फोनवर करण्याचा मोह. माझी नोंदणी रद्द होण्यास चार महिने लागले आणि त्या काळात उपयोग झाला तो दर पंधरा दिवसांनी, आधीच्या अर्जाचा संदर्भ देऊन पाठवलेल्या स्मरणपत्रांचा.

४. खऱ्या लॉगिनला कोणाचा मोबाइल जोडला आहे?

हा प्रश्न तुमच्या कर सल्लागारांना आजच विचारा. नोंदणी करताना सोय म्हणून त्यांनी आपलाच मोबाइल आणि ईमेल टाकलेला असतो, आणि अनेक कार्यालयांत सर्व ग्राहकांचे पासवर्ड एकाच साच्यातले असतात: पेढीचे नाव आणि पुढे एक-दोन-तीन. माझाही तसाच होता, आणि तो कार्यालयाच्या भिंतीवरील कागदावर लिहिलेला मी स्वतः पाहिला होता. त्यामुळे एक पासवर्ड फुटला की शेजारच्या वीस दुकानांचेही दार उघडते. जीएसटी, आयकर, ई-वे बिल आणि उद्यम या चारही ठिकाणी स्वतःचा मोबाइल व ईमेल आहे याची खात्री करावी आणि प्रत्येकाला वेगळा पासवर्ड द्यावा. ज्या ईमेलवर हे सर्व जोडलेले आहे त्याला द्विस्तरीय पडताळणी लावावी. सल्लागाराला राग येईल ही भीती मला होती. प्रत्यक्षात ते म्हणाले, “बरे झाले, रात्री-बेरात्री ओटीपीसाठी जागायला नको.”

५. कर्जाचे अहवाल

सिबिल हे एकच नाव आपल्या तोंडी असले तरी देशात लोकांच्या कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या अशा चार संस्था आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षाला एक संपूर्ण अहवाल मोफत मिळतो. चारही एकाच दिवशी न मागवता दर तीन महिन्यांनी एक मागवला, तर फुकटात वर्षभर पहारा राहतो. गळती कळल्यावर मात्र पहिले दोन लगेच काढावेत. अहवाल हाती आला की सर्वांचे लक्ष गुणांकाकडे जाते, पण आधी ‘चौकशी’ हा भाग वाचावा. आपण ज्या सावकारी ॲपचे नावही ऐकलेले नाही त्याने आपला अहवाल पाहिला असेल, तर कोणीतरी आपल्या नावाने कर्ज मागत आहे.

चुकीची नोंद आढळल्यास त्या संस्थेच्या संकेतस्थळावर हरकत नोंदवावी. ती तीस दिवसांत निकाली निघाली नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. आपला अहवाल कोणी पाहिला की एसएमएस किंवा ईमेलने कळवणे या संस्थांवर आता बंधनकारक आहे, पण त्यासाठी त्यांच्याकडे आपला चालू क्रमांक असायला हवा. बँकेने तीस दिवसांत तक्रारीला उत्तर दिले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येते, आणि त्याला शुल्क नाही.

६. आधार

आधारच्या अधिकृत ॲपमधून बोटांचे ठसे आणि बुबुळांची माहिती लॉक करावी. आधारच्या साहाय्याने ठसा देऊन पैसे काढण्याची सोय ग्राहक सेवा केंद्रांत असते आणि दस्तनोंदणीच्या कागदांवरील ठशांची नक्कल करून पैसे काढल्याचे प्रकार घडलेले आहेत. गरज पडेल तेव्हा लॉक तात्पुरते उघडता येते. रेशन दुकानात जाण्यापूर्वी हे लक्षात ठेवा, नाहीतर रांगेतल्या लोकांची बोलणी खावी लागतात. आधार कोठे कोठे वापरले गेले याचा मागील सहा महिन्यांचा इतिहासही तेथेच दिसतो.

यापुढे प्रत द्यावी लागली तर पहिले आठ अंक झाकलेला आधार द्यावा आणि झेरॉक्सवर, छायाचित्रावरून जाईल अशी तिरकी रेघ मारून, ‘फक्त अमुक कामासाठी’ असे तारखेसह लिहावे. झेरॉक्सच्या दुकानात व्हॉट्सॲपवर पाठवलेली प्रत तेथल्या संगणकावर तशीच राहते, हे मी झेरॉक्सचे यंत्र बाळगणारा माणूस म्हणून सांगतो.

७. खरी माहिती सांगणारे खोटे फोन

गळतीनंतर येणारे फोन पूर्वीसारखे ढोबळ नसतात. बोलणाऱ्याला तुमचा पॅन, दुकानाचा पत्ता, कधीकधी मुलाचे नावही माहीत असते, आणि त्यामुळेच तो खरा अधिकारी वाटतो. जीएसटीच्या समन्सचा कागद व्हॉट्सॲपवर आला तर त्यावरील डीआयएन, म्हणजे त्या पत्राचा स्वतंत्र ओळख क्रमांक, पाहावा. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाच्या अधिकाऱ्यांच्या पत्रांवर तो नोव्हेंबर २०१९ पासून असतो आणि मंडळाच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. ‘डिजिटल अटक’ असा प्रकार कोणत्याही कायद्यात नाही, हे गल्ल्यावर बसणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवावे.

पुरवठादाराच्या नावाने ‘आमचे खाते बदलले आहे’ असा संदेश आला, तर जुन्या बिलावर छापलेल्या क्रमांकावर फोन करून आवाज ऐकल्याशिवाय पैसे पाठवू नयेत. आमच्या कागदाच्या व्यापाऱ्यांना असा फोन केला तेव्हा ते हसले, कारण त्यांचे खाते तीस वर्षे एकाच बँकेत आहे.

८. आपल्याकडे पडून असलेली इतरांची माहिती

हे काम मी सर्वांत शेवटी केले. वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होणार आहेत. माहिती सांभाळण्यात कसूर केल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपयांची आहे. हा आकडा छोट्या दुकानासाठी नाही असे म्हणून कोणी हसेल, पण गळती झाल्यास संबंधित लोकांना आणि या कायद्याखालील माहिती संरक्षण मंडळाला कळवण्याचे बंधन छोटे-मोठे पाहत नाही. अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते.

माझ्या जुन्या संगणकावर २०१४ पासूनच्या शाळांच्या ओळखपत्रांचे फोल्डर होते. प्रत्येकात वर्गवार याद्या, मुलांची छायाचित्रे, रक्तगट, घरचा पत्ता आणि आईवडिलांचे मोबाइल क्रमांक. संगणकाला पासवर्ड नव्हता, कारण छापखान्यातील दोन्ही मुले आलटून-पालटून त्यावर काम करतात. ‘पुढच्या वर्षी डिझाइन लागेल’ म्हणून हे सर्व ठेवलेले होते, आणि डिझाइनची फाइल तर वेगळीच होती.

आता आम्ही ओळखपत्रे शाळेत पोचवून पावतीवर सही घेतो आणि तीस दिवसांनी यादी व छायाचित्रे पुसतो. शाळेला तसे पत्र देतो. चुकीच्या छपाईचे नमुने पूर्वी रद्दीत जात, ते आता कापणीच्या यंत्राखाली चार तुकडे करून टाकतो. यादी व्हॉट्सॲपवर न घेता मुख्याध्यापकांकडून पेनड्राइव्हवर घेतो आणि काम झाले की पेनड्राइव्ह परत करतो. एका शाळेच्या बाईंनी विचारले, “आधीच्या वर्षांचे फोटो आहेत ना तुमच्याकडे, आमच्याकडचे हरवले?” त्यांना नाही म्हणावे लागले.